‘बघू’चं भाषांतर

नोटीस बोर्डावर एमएचं टाइमटेबल लागलं होतं. मी ते दोनदा वाचलं. माझा ‘पूर्व आशिया’चा पेपर त्यात नव्हता. शेजारी सुजाता उभी होती. तिनं एकदाच वाचलं.

“मॅडम, पुण्याचं अ‍ॅडमिशन काल बंद झालं,” ती म्हणाली.

कोपरगावच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते. माझा अभ्यास चीन आणि कोरियाच्या संबंधांचा. म्हणजे ही सरकारं एकमेकांशी काय बोलतात आणि त्यांना खरं काय म्हणायचं असतं, ते शोधायचं. बैठकीत चिनी अधिकारी ‘येन्ज्यू येन्ज्यू’ म्हणाला, तर शब्दशः अर्थ ‘अभ्यास करतो’. बहुतेक वेळा तो नकारच असतो, फक्त कुणाचा अपमान होत नाही. असल्या शब्दांवर मी पीएचडी केली. उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली.

सुजाताला बीएनंतर पुण्यात कोरियन भाषेच्या कोर्सला जागा मिळाली होती. इथेच एमए कर म्हणून मीच तिला थांबवलं. त्याआधी मी प्राचार्यांना भेटले होते.

“सर, पूर्व आशियाचा पेपर यंदा सुरू करू या. एक हुशार मुलगी आहे.”

“उत्तम कल्पना आहे, मॅडम. बघू.”

“नक्की ना?”

“बघू ना!”

वर चहा पाजला. मी बाहेर आले आणि सुजाताला सांगून टाकलं, “पुण्याला नाही म्हणून कळव. आपलं काम झालं.”

टाइमटेबल लागल्यावर तरातरा केबिनमध्ये गेले.

“सर, तुम्ही हो म्हणाला होतात.”

“मी? मी बघू म्हणालो होतो, मॅडम.”

खरंच होतं ते. भांडायलाही जागा नव्हती.

सुजाताच्या घरी माफी मागायला गेले. तिचे वडील साखर कारखान्यात फिटर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, बघू म्हंजी न्हाईच की. सोयरीक नको असली की आमीबी त्येच म्हन्तो. तुमी तर येवढ्या शिकल्याल्या...” पुढचं त्यांनी गिळलं. “पोरीचं वरीस गेलं.”

मला मान वर करवेना. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आता प्राचार्यांकडे काही मागायचं तर मी लेखी अर्ज देते आणि उत्तरही लेखी घेते. थकायला होतं, पण गैरसमज होत नाही.

पुढच्या जूनमध्ये सुजाता पुण्याला गेली. मला न विचारता. शहाणी मुलगी.