ओलीचा पहारा

आमच्या मागच्या घरातल्या काकांइतका ओलीला भिणारा माणूस नर्मदेच्या दोन्ही काठांवर झाला नसेल. साप, चोर, डॉक्टर यांना ते भीत नसत. पण खिडकीच्या काचेवर दव दिसलं की त्यांचा चेहरा उतरायचा. नोकरी फॅक्टरीतली, जन्म दारूगोळ्याच्या पेट्या हवाबंद करण्यात गेलेला. "पानी दुश्मन से पहले पहुँचता है, बेटा," असं ते हिंदीत सांगायचे, कारण धोक्याची सूचना मराठीत दिली तर आमच्या गढा मोहल्ल्यात कोणी ऐकत नाही, असं त्यांचं मत होतं. लोणच्याच्या बरणीलाही ते चिकटपट्टी लावत, आणि पाहुणा ओली छत्री घेऊन आला तर त्याचा चहा फाटकापाशीच यायचा.

या सगळ्या भीतीचं मूळ ठाणं म्हणजे त्यांच्या अंगणातली कॅरव्हॅन, मोटारीमागे जोडायची चाकांवरची छोटी खोली. निवृत्तीनंतर काका-काकूंनी ती हौसेनं घेतली, एक उन्हाळाभर फिरले, आणि पुढचा उन्हाळा यायच्या आत काकू गेल्या. मग ती फक्त सांभाळायची उरली. दिवाळी सरून धुकं पडू लागलं की काका तिचे झरोके चिकटपट्टीनं बुजवत, दाराच्या रबराला ग्रीस लावत आणि कोपऱ्याकोपऱ्यात निळ्या खड्यांच्या पुरचुंड्या ठेवत. ओल शोषली की हे खडे गुलाबी पडतात, कढईत तापवले की पुन्हा निळे होतात. रोज सकाळी काका आत शिरून, दार ओढून घेऊन पहारा देत बसत. तरी खडे गुलाबीच. पुरचुंड्या वाढत गेल्या, कढई त्यांनाच पुरेना, आणि काका भाजी कुकरात करू लागले.

गेल्या थंडीत त्यांनी मला बोलावलं. मी पुस्तकं वाचते, तेव्हा मला ओलीचंही कळत असणार, असा त्यांचा समज. आत काकूंच्या उशीवर बुरशीचा हिरवट ठिपका पडला होता. काकांनी तो बोट न लावता, लांबूनच दाखवला. "ओल कुठून येऊन राहिली, सांग. एक भोक ठेवलं नाही मी."

आम्ही दार लावून बसलो. थोड्याच वेळात समोरची काच धुरकटली. मला बोलायची भीती वाटली, पण बोलले. काका, ही ओल बाहेरची नाही, रोज बसता त्या तुमच्या श्वासाची आहे. झरोके मोकळे करा, ऊन असेल तेव्हा दार उघडा.

त्यांनी बाहीनं काच पुसली. "उघडलं तर तिच्या तेलाचा वास जाईल," ते म्हणाले. "मी काहून बसतो इथं रोज, वाटलं तुला?"

तेव्हा कुठे मला तो वास आला. आवळ्याच्या तेलाचा, उशीतला, अगदी पुसट, आणि त्यावर बुरशीचा कुबट थर.

"नाही उघडलं तर उशीही जाईल, काका."

दुपारी त्यांनी स्वतःच्या नखांनी पट्ट्या सोलल्या. दार सताड उघडलं आणि उशी मांडीवर घेऊन, वास जाताना दिसणार असल्यासारखे, दारासमोर उन्हात बसून राहिले.

या थंडीत काका नाहीत. किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. दव वाळलं की मी खडे तापवून नेते. आत आता त्यांच्या बामाचा वास आहे, त्यामुळे कडीवर हात थबकतो. तरी दार उघडते. आणि आत असेपर्यंत श्वास जपून घेते.