दोन पिशव्यांत एकच माती

१९७३च्या अखेरीस मी श्रीरामपूरच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. पुणतांब्याच्या शिवारात मातीचा सर्वेक्षक आल्याचे कळले, म्हणून गेलो. जमिनीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्याचा अंश, विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशात दाखवता येतो का, हे तो तपासत होता. पृथ्वीच्या उत्तरेकडच्या थंड जंगलांची चित्रे आता उपग्रह काढतो, तिथेही हे कधीतरी होईल, असे तो म्हणाला. मी लिहून घेतले. समजले नव्हते.

काम एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रिकाम्या रानावर अडले होते. फोटोत ओढ्याकडचा भाग काळपट होता, रस्त्याकडचा फिकट. काळपट तिथे कर्ब जास्त, असा सर्वेक्षकाचा अंदाज. शेतकऱ्याने दोन्हीकडची माती स्वतः भरून दिली होती, आणि दोन्ही पिशव्यांचा आकडा एकच आला होता. पिशव्या बदलल्या म्हणाव्यात, तर आकडे उलटे आले असते, सारखे नव्हे. सर्वेक्षकाने फोटो फिरवून पाहिला. मग माझ्याकडे दिला. मीही फिरवला.

येत्या पाडव्याला या रानाची वाटणी करायची ठरली होती: ओढ्याकडची बाजू थोरल्याला, रस्त्याकडची धाकट्याला. दोघे मुलगे बांधावर उभे होते, मध्ये बरेच अंतर ठेवून. माती नेमकी कशी काढली, असे सर्वेक्षकाने म्हाताऱ्याला विचारले.

"दोन्हीकडनं काढली. गोनपाटावर कालवली आन् निम्मी निम्मी भरली," म्हातारा म्हणाला.

"बाबा, पण का?" सर्वेक्षकाने विचारले.

"सरकारी कागदावर एकाची चांगली न् एकाची हलकी आली, तर ही दोघं पुन्हा बोलत्याल का?"

"कागद कशाला? दादाला ठावं हाय कंची चांगली," धाकटा म्हणाला. थोरला ओढ्याकडे पाहत राहिला.

आता आपण स्वतः माती काढणार आणि फरक निघाला तर तशी रेघ मारणार, असे सर्वेक्षकाने सांगितले. म्हाताऱ्याने फोटो मागितला. ओढा कुठे, रस्ता कुठे, हे दोनदा विचारून घेतले. मग ओढ्यापासून रस्त्यापर्यंत नख ओढले.

"अशी मारा. दोघांला काळी बी आन् फिक्की बी."

आपली रेघ मातीची आहे, वाटणीची नाही, हे सर्वेक्षकाने समजावले.

"मातीची तुमी मारा. वाटनीची मी सांगतो."

नवी रेघ थेट विहिरीवरून जात होती. विहीर कोणाची, असे थोरल्याने विचारले. दोघांची, म्हातारा म्हणाला. पाणी उपसायचे इंजिन कोणत्या काठावर, असे धाकट्याने विचारले. म्हाताऱ्याने विहिरीवरचा दोर सोडवून आणला. एक टोक थोरल्याच्या हाती दिले, दुसरे धाकट्याच्या, आणि ताणायला सांगितले.

सर्वेक्षक नव्याने खड्डा खणू लागला. कोणत्या रेघेची बातमी द्यायची, ते मला ठरवता येईना.