रुजुवात घेणार

"आई, आता हातानं टाईप कोण करतंय? माईकचं बटण दाब आणि बोल," असं म्हणणाऱ्या माणसाला मी त्या दिवशी फोनवर चांगलं झाडलं. तो माणूस म्हणजे पुण्यात राहणारा माझा मुलगा.

गगनबावड्याच्या सरकारी कचेरीत मी टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा मराठी टाईपरायटरचा कीबोर्ड माझ्या बोटांत बसला तो कायमचा. पावसाळ्यात तिथं मशीनच्या कळा गंजायच्या, कागद दमट होऊन रोलरला चिकटायचा, पण माझी बोटं कधी अडली नाहीत. निवृत्तीनंतर कोल्हापुरात आल्यावर मी त्याच दिवसांच्या आठवणी लिहायला घेतल्या. जुन्या कॉम्प्युटरवर तोच कीबोर्ड होता. तो कॉम्प्युटर बंद पडला, मुलानं नवा आणून दिला आणि नव्यात तो कीबोर्डच नव्हता. एक 'क' सापडेपर्यंत पुढचं वाक्य डोक्यातून निघून जायचं. दोन महिने एक ओळ लिहिली नाही. कुणी म्हणेल, त्यात काय एवढं! अहो, माझं लिहिणं माझ्या बोटांत आहे, तोंडात नाही.

तरी मुलाचा शब्द राखायचा म्हणून एकदा माईकसमोर बसले. आमच्या कचेरीतला शिपाई जे म्हणायचा, तेच बोलले, "व्हय सायेब, खरं आज गाडी घाट चढत न्हाय म्हंजे न्हाय." कॉम्प्युटरनं 'व्हय'चं 'वय' केलं आणि 'न्हाय'चं 'नाही'. आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना 'मी आलो, मी बसतो' म्हणतो. त्यातही त्यानं हात घातला. माझ्या शिपायाला पार पुण्याला नेऊन बसवलं की! मी माईक बंद केला.

मग इंटरनेटवर शोधाशोध केली. नेसरीकडच्या एका निवृत्त मास्तरांनी टाईपरायटरचा कीबोर्ड नव्या कॉम्प्युटरवर चालवणारा छोटासा प्रोग्रॅम स्वतः तयार करून आपल्या साईटवर सगळ्यांसाठी ठेवला होता. जीव हरखला. फाईल उतरवून घेतली, उघडायला गेले, तर पडद्यावर ही मोठी निळी पाटी: प्रकाशक अनोळखी, तुमच्या कॉम्प्युटरला धोका होऊ शकतो. पुढं जायचं तर पासवर्ड टाका. आणि पासवर्ड पुण्यात, मुलाकडं.

"आई, मागच्या वेळचं आठवतंय ना?" फोनवर पासवर्ड मागितला तसा मुलगा म्हणाला.

आठवत होतं. लग्नाची पत्रिका म्हणून मेलवर आलेली एक फाईल मी उघडली होती, आणि कॉम्प्युटर निस्तरायला त्याला रजा काढून यावं लागलं होतं. चूक माझी, कबूल. पण एकदा घसरलं म्हणून बाईला काय जन्मभर पांगुळगाड्यात घालायचं? पोरानं माझ्याच मशीनवर मला पाहुणी करून ठेवलं होतं, आणि वर म्हणे काळजीपोटी! तीन दिवस मी त्याचा फोन घेतला नाही.

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराला विचारलं. त्यानं तोच कीबोर्ड म्हणून एका पेनड्राईव्हवर फाईल घालून दिली. "हे घ्या. फक्त ते संरक्षण कायमचं बंद करून टाका काकी. नुसता डोक्याला ताप हाय तो." म्हणजे मुलगा म्हणतो काहीच उघडायचं नाही, आणि हा म्हणतो दारच काढून ठेवा. मला दोन्ही नको होतं.

शेवटी साईटवर नंबर होता, त्यावर मास्तरांनाच फोन लावला.

"बोला की पावणं!"

"मास्तर, तुमचा प्रोग्रॅम माझा कॉम्प्युटर आत घेत न्हाय."

"कसा घेणार? मोठ्या कंपन्यांची वळख असती. माझी कुठली आलीया?" मास्तर हसले. मग त्यांनी नीट समजावलं. साईटवर फाईलच्या खाली चौसष्ट अक्षर-आकड्यांची एक ओळ आहे. आपल्याकडच्या फाईलची तशीच ओळ कॉम्प्युटरकडून काढून घ्यायची. फाईलमध्ये कुणी कणभर जरी फरक केला, तरी ओळ बदलते. जुळली तर फाईल मास्तरांनी ठेवलेली, तीच.

"म्हणजे रुजुवात!" मी ओरडलेच.

कचेरीत नक्कल दिली की खाली दोन सह्या असायच्या. एक 'नक्कल तयार करणार', दुसरी 'रुजुवात घेणार'. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. एकट्यानं करायचं नाही, कारण एकटा माणूस मनात असतं तेच वाचतो. हे काम मी आयुष्यभर केलं होतं.

आधी पेनड्राईव्हमधल्या फाईलची ओळ काढली. पहिल्या अक्षरापासूनच वेगळी. पेनड्राईव्ह तसाच दुकानदाराच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हटलं, "ह्यात दुसरंच कायतरी हाय. परत कुणाला देऊ नका." दुकानदार म्हणाला तसा पहारा बंद केला असता तर ती फाईल सरळ आत आली असती. तेवढ्यापुरतं मुलाचं बरोबर होतं, आणि रविवारी सकाळी फोन करून मी त्याला तसं सांगितलंही.

"आता मास्तरांची साईट उघड आणि फाईलखालची ती ओळ वाच."

"आई, मला जरा काम..."

"वाच म्हणतो न्हवं!"

तो भराभर वाचायला लागला. माझं बोट पडद्यावर, मास्तरांकडून उतरवलेल्या फाईलची ओळ काढून ठेवली होती तिच्यावर.

"थांब. साताच्या पुढं तू आठ म्हणालास. हितं इंग्रजी 'बी' हाय."

"बघ! म्हणजे तुझी फाईल चुकीची आहे. म्हणून सांगतो, उघडू नकोस."

पण इतक्या वर्षांचं बोट होतं ते, मी हटले नाही. "परत बघ."

तो पुन्हा एकेक अक्षर बघत गेला. मग हळूच, "बी आहे. मी आठ वाचलं."

चौसष्टच्या चौसष्ट जुळली.

"पासवर्ड दे."

"मला काळजी वाटते गं आई."

"वाटू दे की. काळजी कर, कुलूप घालू नको."

पासवर्ड आला. कीबोर्ड बसला. डोळे मिटून पहिलं वाक्य टाईप केलं, "न्हाय म्हंजे न्हाय, सायेब," आणि डोळे उघडले तर अक्षरं जिथल्या तिथं. मी खुर्चीतच रडले. मग पहारा होता तसा चालू ठेवला आणि पासवर्ड तेवढा बदलला.

दिवाळीत मुलगा घरी आला. फोटो लावायला म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर कुठला तरी प्रोग्रॅम घालायला बसला, तर निळी पाटी आली.

"आई, पासवर्ड सांग गं. साधा प्रोग्रॅम आहे, मला माहितीये."

"तुला माहीत असंल. मला कुठं माहीत हाय?"

मी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पडद्यावर बोट ठेवलं. "ओळ काढ. तू वाच, मी बघतो."

त्यानं ओळ काढली, मोबाईलवर त्या प्रोग्रॅमची साईट उघडली. मग वाचायला लागला, ह्या वेळी सावकाश.