बिनमाइकच्या बैठकीला कुणी काय दिलं

वर्गणी मागत चार दारं फिरलं, की पैसे मिळोत न मिळोत, किस्से मात्र मिळतातच! राजारामपुरीत माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक काच बसायची वाट बघत थांबलं, की मी एखादा किस्सा सुरू करतो. काच बसते, पण गिऱ्हाईक उठत नाही. मग दुसरा सांगावा लागतो. असे किती साठलेत, आता माझं मलाच आठवत नाही.

या सगळ्याचं मूळ म्हणजे आमचे शिंदे सर. गणिताचे निवृत्त मास्तर. गाणं हे समोर बसून, माइकशिवाय ऐकायची गोष्ट आहे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. कोल्हापुरात तसा तीन दिवसांचा महोत्सव करायचा म्हणाले. दोनशे माणसं, एक खोली, माइक नाही, तिकीट नाही.

मी विचारलं, "सर, आणि खर्च?"

सर म्हणाले, "गाव देईल की!"

गावानं दिलं. पण काय काय दिलं, ते ऐका.

*

पहिल्यांदा गेलो गुळाच्या एका व्यापाऱ्याकडं. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मार्केटजवळ त्यांचं जुनं दगडी गोदाम आहे. सर देणगीचं बोलता बोलता मध्येच थांबले, मान वर करून छताकडं बघितलं, एक टाळी वाजवली आणि "सा" लावला!

तो "सा" ढेपांवरून फिरून आमच्याकडं परत आला.

आप्पा घाबरले. "मास्तर, बरं वाटंना व्हय?"

"आप्पा, पैसे नकोत. तीन दिवस हे गोदाम द्या."

"मास्तर, ऐन हंगाम हाय! हितं ढेपा ठिवायला जागा न्हाय, आन गाणं कुठं ठिवू?"

आम्ही नमस्कार करून निघालो. आठ दिवसांनी आप्पांचा फोन. जाऊन बघतो तर गोदाम रिकामं, झाडून, धुऊन लख्ख! गूळ कुठं गेला? आप्पांच्या घरात! सोप्यात ढेपा, माजघरात ढेपा, पलंगावरसुद्धा ढेपा.

"मग आप्पा, तुम्ही झोपता कुठं?"

आप्पांनी इकडं तिकडं बघून हळूच सांगितलं, "तुमच्या गाण्यापायी जावयाच्या घरी ऱ्हायलोय बघा!"

*

बैठकीला अंथरायचं पांढरं कापड दिलं इचलकरंजीच्या मेहबूबभाईंनी. त्यांचे चाळीस माग आहेत. कापड घेऊन स्वतः आले, आणि आलोच आहे तर ऐकून जातो म्हणून पार मागं भिंतीला टेकून बसले.

पहिल्याच सकाळी सारंगी होती. सारंगीला खाली पस्तीसेक बारीक तारा असतात, त्या जुळवण्यातच अर्धा तास गेला. सारंगिये शेवटी समाधानानं मान हलवून गज उचलतात, तोवर मागून आवाज आला, "उस्ताद, एक तार बोलंना."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. शिंदे सर तर पांढरेफटक पडले.

सारंगिये शांतपणे म्हणाले, "कुठली?"

"ते न्हाय म्हाईत. पर बारीक आवाजातली हाय."

त्यांनी एकेक तार छेडत नेली. अकराव्या तारेला बोट थांबलं. केसभर उतरली होती! तार चढवून सारंगिये उठून उभे राहिले, आणि स्वतःचे कान पकडून विचारलं, "भाई, तुमचे उस्ताद कोण?"

मेहबूबभाई म्हणाले, "चाळीस हायती! सगळे एकदम बोलत्यात. त्यातला एक आजारी पडला, की मला जेवताना कळतंय!"

*

हा किस्सा आपला छोटा आहे.

गंगावेशीत म्हैस उभी करून धारोष्ण दूध विकणाऱ्या सखूबाई. त्यांनी आपणहून निरोप धाडला, "गाणाऱ्या मान्सास्नी दूध माझ्याकडनं." रोज संध्याकाळी म्हैस गोदामाच्या दारात हजर. पहिल्या दिवशी मुंबईचा एक तरुण बासरीवाला ग्लास बघून संकोचला. "मावशी, मी व्हीगन आहे."

"म्हंजी?"

"कुठल्याच जनावराचं दूध पीत नाही."

सखूबाईंनी ग्लास उचलला. म्हैस घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी म्हशीबरोबर उसाच्या ताज्या रसाचा तांब्या घेऊन आल्या.

"घे लेकरा. ह्याला तरी आई न्हाय न्हवं?"

*

गोदाम मिळालं, पण गल्लीतल्या हॉर्नचं काय? माइक नाही म्हणजे बाहेर कुणी शिंकलं तरी आत ऐकू जाणार. शेजारीच कुस्तीची तालीम आहे. सर वस्तादांकडं गेले.

वस्ताद म्हणाले, "आम्ही काय देणार मास्तर? हितं माती हाय नुसती."

"शांतता द्या."

"ती तर आख्ख्या कोल्हापुरात कुणाकडं न्हाय!"

पण दिली! गल्लीच्या दोन्ही तोंडांना चार-चार पैलवान उभे केले. ते नुसतं ओठांवर बोट ठेवायचे. त्यांचे दंड बघून रिक्षावाले इंजिन बंद करून रिक्षा ढकलत नेत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत ऐंशीच्या घरातले एक बुवा गात होते. मी बाहेर होतो. आणि गल्लीच्या तोंडाशी वरात आली! घोडा, नवरदेव, नशिबानं दोन गाण्यांच्या मध्ये थांबलेला तीस माणसांचा बँड, नाचणारी शंभरेक माणसं.

वस्ताद हात जोडून पुढं झाले. "पावणं, आत एक म्हातारं मानूस गातंय. बिनमाइकचं. एवढी गल्ली फकस्त."

नवरदेवाचा बाप तापला. "आमच्या पोराचं लगीन हाय! ते काय परत परत हुतंय?"

खरंच होतं त्याचं. पण वस्ताद हात जोडून वाटेतच उभे. पैलवान पुढं सरकले, पलीकडची पोरं बाह्या वर करू लागली.

तेवढ्यात बँडमास्तरनं क्लॅरिनेट खाली घेतलं. आतून बुवांचा बारीक, थरथरता आवाज येत होता. तो डोळे मिटून ऐकत राहिला. मग नवरदेवाच्या बापाला म्हणाला, "मालक, पैसे कापा. पर ह्या मान्सापुढं मी वाजवणार न्हाय."

शेवटी घोड्यावरून नवरदेव म्हणाला, "बाबा, चला की असंच!"

आणि वरात निघाली. ट्रम्पेटं काखेत, ढोल छातीशी घट्ट धरलेले, बँडवाले चवड्यांवर चालत होते. आणि नाचणारे? नाचतच होते! हात वर, कंबर हलतीय, फेटे उडताहेत, आणि आवाज नाही! आत्याबाई तोंडाला पदर लावून नाचल्या. घोडासुद्धा खिंकाळला नाही. आमच्या देणगीदारांच्या यादीत त्या माणसांचं नाव नाही, कारण ती कोण होती हे विचारायचं भानच कुणाला राहिलं नाही.

आत दोनशे माणसांची पाठ दाराकडं होती. कुणाला काही कळलं नाही.

गाणं संपल्यावर बुवांनी शिंदे सरांना बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "मास्तर, कुणाला सांगू नका. गाताना मला दारातून वरात जाताना दिसली. घोडा, नवरदेव, नाचणारी माणसं. आणि आवाज काही नाही! आता गाणं कायमचं सोडू का मी?"

*

शेवटच्या सकाळी साठी उलटलेल्या एका गायिका बाईंचं गाणं होतं. आदल्या संध्याकाळी प्रवासात त्यांच्या तानपुऱ्याचा भोपळा तडकल्याचं कळलं. मिरजेचा कारागीर म्हणाला, "उद्या दहानंतर देतो." बैठक नऊची! सरांनी दिसेल त्या ग्रुपवर मेसेज टाकला.

सकाळी आठला एक पन्नाशीच्या बाई दारात उभ्या. जुन्या लुगड्याच्या गवसणीत तानपुरा. गडहिंग्लजच्या पहिल्या एसटीनं आल्या होत्या. तिथं त्यांची मिरचीकांडपाची गिरणी आहे. हाताला तिखटाचा वास येत होता. नाव विचारलं तर म्हणाल्या, "अक्का म्हनत्यात समदी."

तानपुरा जुना, पण तारा नव्या, आणि लावलेला असा की एसटीच्या धक्क्यांनीसुद्धा ढळला नव्हता. गायिका बाईंच्या शिष्येनं खुंटीला हात घातला, तर अक्कांनी तिचा हात धरला.

"काळी पाचला हाय. उतरवायचा न्हाय. तेवढंच मागनं हाय."

शिष्या म्हणाली, "अहो, बाई काळी तीनला गातात! काळी पाच ही त्याहून उंच पट्टी, ती त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी सोडली."

सर अक्कांची समजूत घालायला लागले. अक्का ऐकेनात. आवाज चढवला नाही, नुसत्या मान हलवत राहिल्या. बाई लांबून हे बघत होत्या. त्या उठून आल्या, तानपुऱ्याला कान लावून कितीतरी वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "राहू दे गं. याच सुरात गाते."

शिष्येचे डोळे भरले. भर बैठकीत आवाज फाटला असता तर? पहिली दहा मिनिटं बाई जपून, खालून खालून येत होत्या. मग त्यांनी वरचा "सा" लावला. काय सांगू! पंचविशीतल्या मुलीचा आवाज होता तो. बाई स्वतःच दचकल्या. मग दीड तास त्या अशा गायल्या, की शिष्या तानपुरा छेडत रडत होती आणि गुळाचे आप्पा खांबाला धरून उभे होते, बसायचं विसरून.

गाणं संपलं. अक्का तानपुऱ्यावर गवसणी चढवत होत्या. बाई त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"अक्का, या सुरात तुमच्याकडं कोण गातं?"

"हाय एकजन. तिनंच सांगितलं, घिऊन जा. पर सूर हलवू दिऊ नगं."

"मग त्यांना का नाही आणलंत?"

अक्कांनी नाडीची गाठ मारली, तानपुरा खांद्यावर घेतला आणि बाईंच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पंचविशीतच गेली ती. पर आज आलती की!"