बाबांची सोळा पानं

शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बायकोचे दागिने पोह्यांच्या डब्यात असायचे आणि माझे स्विस पत्ते काचेच्या कपाटात. हे ती पाहुण्यांना आवर्जून सांगायची. हौसेला मोल नसतं, हे माझं ठरलेलं उत्तर.

हा नाद ऑफिसातल्या एका स्विस इंजिनियरनं लावला. दर उन्हाळ्यात सुट्टीवरून येताना तो माझ्यासाठी तिकडचा एखादा जोड आणायचा. त्यात बदाम-इस्पिक नाहीत. घंटा, ढाल, गुलाब आणि ओकचं फळ. त्या फळाला आम्ही घरी सुपारी म्हणायचो. राणी औषधालाही नाही, तिन्ही चित्रं पुरुषांचीच, दश्शीवर झेंडा, आणि पानं एकूण छत्तीसच. बहुतेक जोडांचं सील मी फोडलं नव्हतं, आणि दुसऱ्या कोणाची तशी टाप नव्हती.

नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात बाबा व्हिजिट व्हिसावर आले. आम्ही नवरा-बायको दुबईला नोकरीला, अर्धा जीव ट्रॅफिकमध्ये. घरी बाबा आणि शाळेतून आलेली नात. एका गुरुवारी मी परतलो तर दोघांनी एक जोड फोडलेला. बाबांनी पानं मोजली, तर सोळा कमी. मला कोणीतरी फसवलं, असं त्यांनी धरलं. मग शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, नातीच्या रंगीत पेन्सिलींनी त्यांनी सोळाच्या सोळा पानं रंगवली. दोन चिन्हांचं पान हा तिकडचा एक्का. बाबांनी त्याला दुर्री समजून एक्केसुद्धा नवे केले होते. शुक्रवारच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून मेंढीकोट खेळायचा बेत होता.

मी भडकलो.

"कपाटाला हात लावायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला? छत्तीसच असतात ती. सगळा जोड खलास केलात."

"अपुरा वाटला रे," एवढंच ते म्हणाले. आपली सोळा पानं त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली, माझी छत्तीस नीट लावून कपाटात. पोरगी माझ्याशी इंग्रजीतसुद्धा बोलेना.

शुक्रवारी मेंढीकोटाचं कोणी नाव काढलं नाही. बाबा गॅलरीत उभे राहून रिकामा रस्ता बघत होते. मला माझीच लाज वाटली. व्हिसा संपायला दोन आठवडे उरले होते, आणि मी आपल्या बापाला माझ्याच घरात परका करून ठेवला होता.

दुपारच्या चहानंतर मी सगळ्यात जुना, सगळ्यात लाडका जोड काढला. इंजिनियरच्या आजोबांच्या कपाटातून आलेला, सील शाबूत. बाबांना आत बोलावलं आणि त्यांच्यासमोर ते नखानं फोडलं.

"अरे, पुरा आहे ना तो? छत्तीसच असतात म्हणालास."

"त्यांना पुरतात. आपल्याला बावन्न लागतात, बाबा. याचीही सोळा करून द्या."

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पेन्सिली आणायला नातीला हाक मारली. पुठ्ठा मी कापायला घेतला.