चार धोटे आणि एक पाय

नरसय्याच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी त्यानं भिंतीला टेकवून ठेवली होती. पाय आत जात नव्हता म्हणून.

मी जॉबर. टॉवेलच्या कारखान्यात माग बिघडला की विणकर ओरडतो आणि जॉबर पळतो, एवढंच माझं काम. शिकलो चौथीपर्यंत. मोडनिंबहून सोलापूरला आलो आणि या शेडमध्येच म्हातारा झालो. इथं सगळे मला मामा म्हणतात, मालकसुद्धा.

त्या आठवड्यात बाहेरदेशी जाणारी मोठी ऑर्डर होती. सगळे माग धडाधड चालू. शेडमध्ये बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. नरसय्या आमच्या शेडमधला विणकर. मी त्याच्या कानात ओरडलो, पायाला काय झालं? तो म्हणाला, शेडची सूज.

शेडची सूज म्हणजे काय ते सांगतो. विणकर दिवसभर जागच्या जागी उभा असतो. संध्याकाळी घोट्यापाशी पाय फुगतात. अंगठा दाबला की खड्डा पडतो आणि सावकाश भरतो. सकाळपर्यंत सूज उतरते. त्यावर आमच्या लोकांचा इलाज एकच. टॉवेलच्या काठाची कापून पडलेली चिंधी घ्यायची आणि पायाला करकचून आवळायची. दाबली की गेली.

माझी मंडळी याच शेडमध्ये कांड्या भरायला होती. कांडी म्हणजे मागाला लागणारं सूत गुंडाळलेली दांडी. तिचे दोन्ही पाय सुजायचे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिची बीपीची गोळी बदलली, तशी सूज कमी झाली. गोळीनंसुद्धा पाय सुजतात हे मला तेव्हा कळलं. पण गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरला विचारायचं. बाई म्हणाल्या, रक्त पायात उतरतं ते आपोआप, वर चढवायला पोटरीचा पंप लागतो. नुसतं उभं राहिलं की पंप थांबतो. मग टाचा वर-खाली करायच्या, अधूनमधून चार पावलं चालायचं, मीठ बेतानं खायचं, आडवं पडून पाय छातीपेक्षा वर ठेवायचे. मंडळी जेवणाच्या सुट्टीत टॉवेलच्या गठ्ठ्यावर पाय टाकून पडायची. बायका हसायच्या, मालकीण झोपल्या म्हणायच्या. ती तशीच पडून त्यांना बाईंचं बोलणं ऐकवायची. दोन्ही पाय सुजले तर दवाखान्यात जाऊन ये, एकच पाय अचानक सुजला तर आत्ता ऊठ. आणि दम लागत असेल तर पाय एक असो की दोन, थांबू नको.

पौषात ती गेली. पायानं नाही, दुसऱ्याच दुखण्यानं. घरात आता आवाज नाही. मुलगा म्हणतो, काम सोडा. मी सोडत नाही. शेडमध्ये निदान आवाज तरी आहे.

तर मी नरसय्याची विजार वर केली. गुडघ्याखाली चिंधी आवळलेली. त्याखाली पोटरी टम्म, चकचकीत, लाल. हात लावला तर गरम. दुसरी पोटरी नेहमीसारखी काटकुळी. मी चिंधी कात्रीनं कापून टाकली. शेजारच्या मागावरचा रफीक तेलाची बाटली घेऊन आला, चोळून देतो म्हणाला. मी बाटलीच हिसकावली.

“चल दवाखान्यात.”

“नको मामा. माग जातील.”

ते खरं होतं. आदल्या आठवड्यात तो तापानं अंथरुणाला खिळून होता. तेव्हा त्याच्या चार मागांवर बदली माणूस लागला होता, आणि तो चांगला निघाला. आमच्याकडे रीत अशी, की बदलीचा हात मागावर बसला की जुन्याला परत जागा मिळेलच असं नाही. पाय गेला तरी चालेल, माग जाऊ द्यायचे नाहीत, असा नरसय्याचा हिशोब.

मी त्याचे चारही माग थांबवले आणि चारही धोटे काढून माझ्या पिशवीत टाकले. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडं नेणारी लाकडी होडी. तो नाही तर माग नुसतं लोखंड. दुसरा घालायचा तर धोटा बसतो ती मागाची पेटी नव्यानं लावावी लागते, आणि ती जॉबर लावतो.

चार माग गप्प झाले की ऑफिसात कळतं. मालक धावत आले.

“मामा, हे काय?”

“नरसय्याचे माग दुरुस्तीला काढलेत.”

“चारही? एकदम?”

“चारही.”

“धोटे पिशवीत घालून दुरुस्ती करता व्हय?”

“व्हय. मी परत येईस्तोवर ह्ये माग चालायचे न्हाईत. मग बदली उभा करा, न्हाईतर तुमी सोता उभं ऱ्हावा.”

“आणि पार्टीला काय सांगू?”

“सांगा, माग आजारी हायेत.”

मालक तापले. मग मी त्यांना खाली बसवलं आणि म्हटलं, नरसय्याच्या दोन्ही पायांना हात लावून बघा. त्यांनी लावला. नरसय्यानं दात आवळले. मालक उठले आणि गाडीची किल्ली आणायला गेले.

सिग्नलपाशी नरसय्या हळूच म्हणाला, “मामा, दम लागतोय.” मालकांनी तो सिग्नल पाळला नाही, पुढचाही नाही. हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मी मागं बसून नरसय्याचा दंड धरून ठेवला होता, जसा काही तो उडूनच जाणार होता.

सोनोग्राफी झाली. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ. छातीचा सीटी स्कॅनही काढला. एक बारका तुकडा सुटून फुप्फुसात गेला होता. डॉक्टर म्हणाले, तापात पडून राहिला, त्यानं गाठ धरली असावी. त्यांनी विचारलं, पाय चोळला का? मी म्हटलं, चोळू दिला नाही. “बरं केलंत. सगळी गाठच सुटली असती.” लगेच रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं. मी बाहेर येऊन बाकड्यावर बसलो, तेव्हा कळलं की पिशवी अजून खांद्यालाच आहे.

धोटे मी घरी नेले. मंडळीच्या फोटोपुढं ठेवले. मालकांनी मागितले नाहीत. मागितले असते तरी दिले नसते. ऑर्डर जरा उशिरा गेली. पार्टी कुरकुरली आणि माल घेतला. मी रोज दवाखान्यात जाऊन पाय बघायचो. पोटरीची चकाकी गेली, मग घोट्याचं हाड दिसलं. त्या हाडाचा मला एवढा आनंद झाला, की नरसय्याच्या बायकोला ते दोनदा दाखवलं. ती म्हणाली, मामा, मला दिसतंय.

डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा तो शेडमध्ये आला. दोन्ही पायांत चपला होत्या. पाहिलं तर त्याचे चारही माग पुसून ठेवलेले. मालकांनी पुसायला लावले होते. मी फोटोपुढचे धोटे पिशवीत घालून आणलेच होते. एकेक पेटीत सरकवला. चारही माग सुरू झाले. नरसय्या मान खाली घालून धागा बघत होता, मीही दुसरीकडे बघितलं.

आता जेवणाच्या सुट्टीत विणकर टॉवेलच्या गठ्ठ्यांवर पाय टाकून रांगेत पडतात. मालकीण म्हणून आता कुणी हसत नाही.

सूज आवळून जात नाही. ती कुठून आली ते डॉक्टरला बघू द्यावं. दोन्ही पायांना असेल तर पाय वर करून दवाखान्याचा दिवस ठरवा. एकाच पायाला असेल, किंवा दम लागत असेल, तर धोटे पिशवीत टाका आणि निघा.