रहीमभाईंची उलटी रीड

अकोल्याच्या बँडमध्ये चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवणारे अब्दुल रहीम माझ्याकडे आले, तेव्हा चेहरा संवाद विसरलेल्या नटासारखा होता. तो चेहरा मी लांबून ओळखतो. उमर नाटकात गेली माझी. आमच्या नाटक मंडळीत पडदा उघडण्याआधी रहीमभाई असा सूर धरायचे, की माझ्यासारखा पडेल नटही राजा वाटायचा.

डीजे आले आणि बँड बसला. आता अमरावतीच्या एका संगीतवर्गात शिक्षकाची जागा निघाली होती. वर्ग चालवणाऱ्या प्राजक्ताबाईंनी रहीमभाईंचं वादन डोळे मिटून ऐकलं, मग डोळे उघडले आणि थबकल्या.

"चाचा, तुमची रीड, ही सूर काढणारी वेताची पट्टी, वरच्या ओठाला लागते. ती खाली हवी. वरचे दात थेट माउथपीसवर टेकवायचे, खालचा ओठ दातांवर जरासा दुमडून त्यावर रीड. जास्त आत घेतलं तर किंचाळतं, कमी घेतलं तर सूर कोंडतो. मुलांना असंच शिकवावं लागेल. पुढच्या शनिवारी एक तास घेऊन दाखवा."

रहीमभाईंनी घरी तसं करून पाहिलं. दारात शेपटी अडकलेल्या मांजराचा आवाज निघाला.

"मास्तर," ते मला म्हणाले, "सही तऱ्हेनं वाजवलं तर गलत वाजते, अन् गलत तऱ्हेनं सही. मंग म्या चाळीस साल केलं काय?"

म्हटलं, ज्यांनी शिकवलं त्यांच्याच घरी विचारू. आम्ही त्यांच्या उस्तादांच्या घरी गेलो. उस्ताद जाऊन वीस वर्षं झालीत. त्यांच्या पत्नी अकीलाबी अंबाडी निवडत बसल्या होत्या.

"अम्मा, उस्ताद रीड वर काहून ठेवत?" रहीमभाईंनी विचारलं.

"खालचे दात कुठी होते त्याईले? जवानीत बैलगाडीवरून पडले. खालून जोर लागेच ना."

"पण आमाले तर दात होते."

"तुमी पाहू पाहू शिकले. असंच करा, म्हटलं काय त्याईनं कदी?"

"असं करू नका, हे बी नाई म्हटलं."

"शिकणारे सहाही पोट्टे वरचा ओठ आत घेऊन उभे राहत. त्याईले वाटलं, अदब करून राहिले."

शनिवारी मीही अमरावतीला गेलो. रहीमभाईंनी मुलांना सगळं नीट सांगितलं आणि रीड खाली करून फुंकलं. चीं. मुलं हसली. आचल नावाची चिमुरडी म्हणाली, "आजोबा, गाल फुगवू नका ना." त्यांनी गाल आत घेतले. बारीक, थरथरता सूर निघाला. विद्यार्थिनीचं ऐकणारा शिक्षक प्राजक्ताबाईंना पटला; जागा मिळाली.

याला चार महिने झाले. नव्या तोंडाचा, म्हणजे ओठांच्या नव्या ठेवणीचा, सराव करता करता जुनं तोंड मोडलं. आता वरच्या रीडवरही तो जुना सूर लागत नाही. कालच आले, चहा तसाच ठेवून बसले.

"मास्तर, आचलचा आवाज आता भरून येते, गोल. म्याच शिकवला. पण माह्याजवळ तर तो नाई. मंग तिले देल्ला कुठून?"

मी चहा गरम करायला उठलो.